लढाऊ विमानांच्या खुणा आणि त्यांचे संशोधक

पाठचिकित्सा म्हटली कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें जुनी पोथी येते. अमुक ओवी मूळची कीं मागाहून घुसडलेली, अमुक शब्द ग्रंथकाराचा कीं लेखनिकाचा, असले वाद आपल्याकडे इतके झाले आहेत कीं ते कशासाठीं करावयाचे हें आतां कोणी विचारीत नाहीं. परंतु १९४० च्या सप्टेंबरांत लंडनच्या दक्षिणेस उडणाऱ्या एका विमानाच्या कुशीवर तिसरें अक्षर कोणतें होतें, हें ठरविण्यांत कोणी आयुष्याचीं अनेक वर्षें घालवितो असें सांगितलें, तर बहुतेक सुशिक्षित गृहस्थ हंसतील. हंसणें स्वाभाविक आहे. पण हें संशोधन ज्या कागदांवर व ज्या तर्कांवर चालतें ते जवळून पाहिले म्हणजे हंसूं मावळतें आणि त्याच्या जागीं एक निराळीच तक्रार उभी राहते. हे लोक नको तितकी बारकाई करतात असें जगाचें म्हणणें. ऐन मोक्याच्या ठिकाणीं ते ती सोडून देतात, असें माझें म्हणणें आहे.

दुसऱ्या महायुद्धांतील एकेका लढाऊ विमानाचा रंग, अक्षरें, अंक व चित्रें यांचा शोध घेणारें वाङ्मय इंग्रजींत आज विपुल आहे. तें मुख्यतः हौशी लोकांनीं निर्माण केलें : निवृत्त अधिकारी, विमानांच्या छोट्या प्रतिकृति करणारे, जुन्या छायाचित्रांचे संग्राहक. विद्यापीठांच्या शिस्तीबाहेर वाढल्यामुळें त्याच्या अंगीं एक तजेला आहे, आणि त्याच कारणामुळें एक बेफिकिरीहि आहे.

विषयाची गोम समजण्यास थोडी तांत्रिक माहिती अवश्य आहे. ब्रिटिश लढाऊ विमानावर दोन तऱ्हेच्या खुणा असत. धडाच्या बाजूवर मोठालीं अक्षरें. त्यांतील दोन तुकडीचीं व एक त्या विमानाचें. शिवाय शेपटीजवळ लहान, सुमारें आठ इंच उंचीच्या काळ्या अक्षरांत नोंदणीक्रमांक. पहिली खूण लांबून ओळखण्यासाठीं, दुसरी हिशेबासाठीं. तुकडीचीं अक्षरेंहि कायमचीं नसत. युद्ध सुरू होतांच, १९३९ च्या सप्टेंबरांत, तीं बदलण्यांत आलीं. १९ क्रमांकाची तुकडी त्यापूर्वीं 'डब्ल्यूझेड' होती ती 'क्यूव्ही' झाली. नोंदणीक्रमांकांचीहि एक मौज आहे. शत्रूला एकंदर उत्पादनाचा अंदाज येऊं नये म्हणून त्यांच्या मालिकेंत मधून मधून मुद्दाम गाळे सोडलेले असत. ज्यानें हें ध्यानांत घेतलें नाहीं त्याला जन्मलींच नाहींत अशीं शेंकडों विमानें हरवलेलीं वाटतील.

आतां पहिली अडचण पाहा. आपल्याकडे आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची चाल आहे. त्यामुळें जुन्या कागदांत एकच नांव तीन पिढ्यांत आढळतें आणि कुलवृत्तान्त लिहिणाऱ्याची दमछाक होते. विमानाच्या अक्षराचें नेमकें हेंच होतें. एखादें विमान पडलें कीं त्याचें अक्षर बदली आलेल्या विमानाला मिळे. म्हणजे ६०५ क्रमांकाच्या तुकडीचें 'यूपी-डब्ल्यू' या नांवाचें विमान एकच नव्हे. तें नांव जो धारण करील त्याचें. नोंदणीक्रमांक मात्र एकाचा दुसऱ्याला जात नसे. जर्मनांकडे हा घोळ अधिकच मनोरंजक आहे. त्यांच्या लढाऊ विमानावर अक्षराऐवजीं अंक असे आणि अंकाच्या रंगावरून उपतुकडी कळे. हान्स-योआखिम मार्सेय या आफ्रिकेंतील प्रख्यात वैमानिकाचा 'पिवळा १४' हा अंक या वाङ्मयांत एखाद्या तीर्थासारखा पूजिला जातो. परंतु मार्सेय नवें विमान घेतांना अंक बरोबर नेत असे. निदान चार वेगवेगळ्या यंत्रांवर तो पिवळा १४ होऊन गेला, आणि ३० सप्टेंबर १९४२ रोजीं त्याचा मृत्यु झाला तो या चारांहून निराळ्याच, नव्या जातीच्या यंत्रांतून उडी टाकतांना. 'मार्सेयचें विमान' असें एकवचनांत बोलणारा लेखक पहिल्याच वाक्यांत घसरला म्हणावयाचा.

या अडचणींतून वाट काढण्याची जी रीत या संशोधकांनीं बसविली आहे ती मात्र खरोखर वाखाणण्यासारखी आहे. छायाचित्रावर तारीख क्वचितच असते. परंतु हवाईदलाचे रंगाविषयींचे हुकूम वरचेवर बदलत आणि त्या हुकुमांच्या तारखा ठाऊक आहेत. युद्धाच्या आरंभीं ब्रिटिश लढाऊ विमानाचें पोट अर्धें काळें व अर्धें पांढरें असे, डावा पंख काळा. मे १९४० मध्यें धडावरील वर्तुळचिन्हाभोंवतीं पिवळें कडें आलें. जूनमध्यें पोट फिकट हिरवट-निळें झालें. त्या रंगास त्यांनीं 'स्काय' असें नांव दिलें होतें. नोव्हेंबरअखेर शेपटीपुढें त्याच रंगाचा अठरा इंची पट्टा आला आणि त्याच सुमारास डावा पंख पुन्हां काळा झाला, तो एप्रिल १९४१ पर्यंत. म्हणजे काळा डावा पंख दिसला कीं तेवढ्यावरून १९३९ म्हणणारा फसला. शेपटीपुढें फिकट पट्टा आहे कीं नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे. असेल तर तो १९४०-४१ चा हिवाळा. भाषेच्या रूपांवरून पोथीचा काळ ठरविणाऱ्या आपल्या पंडितांना ही रीत ओळखीची वाटेल. त्यांना हेंहि ओळखीचें वाटेल कीं, हा पट्टा रंगवितांना पुष्कळ ठिकाणीं नोंदणीक्रमांकच त्याखालीं झांकला गेला. लेखनिकानें समासांत नक्षी काढावी आणि तिच्याखालीं ग्रंथकाराचें नांव बुडावें, तशांतली ही गोष्ट.

नॉर्मंडीच्या स्वारीच्या वेळीं तर तारखेची छापच विमानांवर मारली गेली. जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यांत, मित्रांच्याच तोफांनीं आपलीं विमानें पाडूं नयेत म्हणून, पंखांवर व धडावर तीन पांढरे व दोन काळे पट्टे घाईघाईनें ओढण्यांत आले. ते कुंचल्यानें, मिळेल त्या हातांनीं ओढलेले होते. त्यांच्या वेड्यावांकड्या कडा छायाचित्रांतहि दिसतात. पुढें जुलैपासून वरच्या बाजूचे पट्टे काढण्यास सुरुवात झाली. या विमानांत मुंबईच्या नांवाच्या दोन तुकड्या होत्या हें आपल्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल : १२२ क्रमांकाची 'बाँबे' व १३२ क्रमांकाची 'सिटी ऑफ बाँबे'. पहिलीचीं अक्षरें 'एमटी', दुसरीचीं 'एफएफ'. युद्धदेणग्यांच्या उपकाराची फेड म्हणून अशीं नांवें तुकड्यांना देत. एकट्या विमानाची देणगीहि घेत; एका स्पिटफायरची किंमत पांच हजार पौंड धरलेली होती आणि दात्यानें सुचविलेलें नांव त्याच्या नाकाजवळ रंगवीत. घाटावर दात्याचा शिलालेख असतो तसाच हा प्रकार. फरक एवढाच कीं दगड टिकतो आणि हें नांव कित्येकदां महिनाभरहि टिकत नसे.

येथपर्यंत सर्व ठीक चालतें. बिघाड होतो तो छायाचित्र वाचतांना. त्या काळचीं बहुतेक छायाचित्रें कृष्णधवल आहेत. त्यांतहि फिल्म दोन जातींची. एका जातीला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्या फिल्मवर तांबडें काळें होतें, पिवळेंहि काळवंडतें, आणि निळें मात्र फिकट पडतें. दुसऱ्या जातीच्या फिल्मवर तेंच पिवळें कडें उजळ उमटतें. तेव्हां फिल्म कोणती हें कळल्याखेरीज करड्या छटेवरून रंग सांगणें म्हणजे आंधळ्यानें साक्ष देण्यापैकीं आहे. चांगला संशोधक आधीं ज्याचा रंग निश्चित ठाऊक आहे अशी वस्तु चित्रांत शोधतो, बहुधा वर्तुळचिन्हच, आणि तिच्यावरून फिल्मची जात ठरवितो. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ही किल्लीहि हरवते; कारण जपानी विमानांवरील तांबड्या गोळ्याशीं गल्लत होऊं नये म्हणून तिकडील ब्रिटिश व हिंदी हवाईदलांच्या चिन्हांतून तांबडा रंग काढूनच टाकला होता.

शिवाय विमान हें पोथीप्रमाणें एकदां लिहून झालें असें नसतें. अमेरिकन वैमानिक बड अँडर्सन यांचें 'ओल्ड क्रो' हें मस्टँग १९४४ सालीं हिरवट होतें. हिवाळ्यांत बर्फावर तें उठून दिसूं लागल्यावर त्यांच्या यांत्रिकांनीं तो रंग खरवडून धातु उघडी केली. एकच विमान, एकच नांव, दोन रंग, आणि दोन्ही खरे. दोन जाणकार यावर भांडत बसले तर दोघांनाहि पुरावा सांपडेल.

आतां माझ्या मुख्य तक्रारीकडे येतों. या वाङ्मयाचें वैभव म्हणजे रंगीत पार्श्वचित्रें. विमान बाजूनें जसें दिसेल तसें, सर्व बारकाव्यांसह, झकास रंगांत काढलेलें असतें. पुस्तकें खपतात तीं या चित्रांवर. हीं चित्रें कशीं होतात? छायाचित्र बहुधा एकाच बाजूचें असतें; त्यांतहि शेपूट एखाद्या शिडीनें किंवा माणसानें झांकलेलें, नाक चौकटीबाहेर गेलेलें. चित्रकाराला अर्धें विमान काढतां येत नाहीं. तो झांकलेली जागा तर्कानें भरतो. न पाहिलेल्या बाजूवर अक्षरांचा क्रम कसा असेल तो ठरवितो. करड्या छटेस तांबडें किंवा निळें म्हणतो. तर्क बहुधा समंजस असतो. परंतु रंगांत उतरल्यावर पाहिलेलें आणि कल्पिलेलें यांतील भेद पुसला जातो. पुढचा लेखक छायाचित्राकडे जात नाहीं, तो चित्राकडे जातो. मग प्रतिकृति करणाऱ्यांसाठीं पाण्यांत भिजवून चिकटवावयाचीं अक्षरें छापणारा येतो आणि दोन पुस्तकांतील दोन चित्रें जुळतात म्हणून निश्चिंत होतो. तीं एकमेकांवरून काढलेलीं आहेत हें त्याच्या गांवींहि नसतें. दहा प्रतींत एक पाठ मिळाला, पण दहाहि प्रती एकाच भ्रष्ट प्रतीवरून उतरलेल्या. पाठचिकित्सेंतला अगदीं पहिल्या वर्गाचा धडा तो हा.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढली. त्या आवृत्तींत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं एक साधी सोय केली होती. जेथें संपादकाला पाठाविषयीं पुरेशी खात्री नाहीं तेथें त्या अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढावयाची. १९६६ सालीं ती आवृत्ति पुरी झाली तोंवर कित्येक संपादक बदलले, पण ती रेघ राहिली. वाचकाला एका नजरेंत कळतें कीं येथें जमीन भुसभुशीत आहे. विमानांच्या चित्रकारांनीं अशी एखादी रेघ कां घेऊं नये? न दिसलेला भाग पुसट काढावा. न पाहिलेली बाजू काढूंच नये. कांहीं थोड्या चांगल्या ग्रंथांत मूळ छायाचित्र चित्राशेजारीं छापलेलें असतें आणि कोणता रंग अंदाजी हें खालीं सांगितलेलें असतें. तीं पुस्तकें मी आनंदानें विकत घेतों. बाकीचीं सुंदर असतात.

कल्पित खूण किती दूर जाऊं शकते याचें उदाहरण सोव्हिएट वैमानिक लिडिया लिट्व्याक हिचें आहे. ही एकवीस वर्षांची मुलगी १ ऑगस्ट १९४३ रोजीं लढतांना नाहींशी झाली. 'सोव्हिएट संघराज्याची वीर' ही पदवी तिला मिळाली ती १९९० सालीं. तिच्या विमानावर पांढरें फूल रंगविलेलें होतें, कोणी म्हणतो कमळासारखी लिली, कोणी म्हणतो गुलाब, अशी कथा पश्चिमेकडे फार पसरली आणि असंख्य चित्रांत व प्रतिकृतींवर तें फूल उमलेलें दिसतें. ज्ञात छायाचित्रांत त्या फुलाचा मागमूस नाहीं. तिच्या यॅक विमानावर ४४ हा पिवळा अंक असल्याचें सांगतात. तो कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. मला या फुलाचा राग येतो तो केवळ तें खोटें आहे म्हणून नव्हे. त्या मुलीनें जें केलें तें पुरेसें होतें. तिच्या यंत्रावर फूल चिकटवून तिला कादंबरीची नायिका करण्यांत तिचा मान वाढला नाहीं.

याच वृत्तीची दुसरी बाजू म्हणजे मोठ्या आंकड्यांच्या वीरांचा ध्यास. शेपटीवर पाडलेल्या विमानांच्या रेघा किती, या गणतीवर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. त्या रेघा म्हणजे दाव्यांची नोंद आहे, पडलेल्या विमानांची नव्हे. १५ सप्टेंबर १९४० रोजीं ब्रिटिशांनीं १८५ जर्मन विमानें पाडल्याचें जाहीर केलें. जर्मन कागद मिळाल्यावर खरा आंकडा साठीच्या आसपास निघाला. कोणी लबाडी केली असें नव्हे. एकाच पडणाऱ्या विमानावर तिघे गोळ्या झाडीत आणि तिघांनाहि तें आपलें वाटे. संशोधकानें रेघ ही रंगाची वस्तु म्हणून मोजावी, तिच्यावरून जयाचा निकाल देऊं नये. आणि ज्यांच्या शेपटीवर एकहि रेघ नव्हती त्यांचें काय? तुकडींत पुष्कळसे तसेच असत. पुष्कळजण पहिल्या कांहीं उड्डाणांतच गेले. त्यांच्या विमानाचें अक्षर कोणतें हें शोधण्यास चित्रकारहि नाहीं आणि गिऱ्हाइकहि नाहीं.

एरिक मॉर्गन व एडवर्ड शॅकलेडी यांचा स्पिटफायरवरील १९८७ चा जाडजूड इतिहास मला आदरणीय वाटतो तो यासाठीं. वीस हजारांवर विमानांची त्यानें क्रमांकवार जंत्री दिली आहे. प्रत्येकाला एक-दोन ओळी, त्याहि संक्षेपांत. कारखान्यांतून केव्हां निघालें, कोणत्या तुकडींत गेलें, कसें संपलें. वाचावयास हा ग्रंथ कुलवृत्तान्ताइतकाच रुक्ष आहे. इतक्या मोठ्या जंत्रींत चुका असणारच, आणि तिच्यावर विसंबणाऱ्यानें मूळ कागद पाहावेत. पण येथें वीर आणि सामान्य एकाच रांगेंत, एकाच आकाराच्या टाइपांत उभे आहेत.

मूळ कागद म्हणजे तीन. विमानाच्या बदल्यांचें कार्ड. तुकडीची रोजनिशी, जिच्यांत कोणत्या दिवशीं कोण कोणत्या क्रमांकाचें विमान घेऊन कितीला उडाला व कितीला उतरला तें लिहिलेलें असे. आणि वैमानिकाची स्वतःची उड्डाणवही. रोजनिश्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. त्या लिहिणारा कारकून दमलेला असे, आंकडे उलटसुलट करी. म्हणून एका कागदावर भिस्त ठेवतां येत नाहीं. तिन्ही जुळले तर विधान करावें. या रीतीनें काय साधतें याचा उत्तम दाखला आपल्याच देशांत सांपडला आहे.

पीटर व्हॅचर हे इंग्रज गृहस्थ जुन्या मोटारींच्या नादानें हिंदुस्थानांत हिंडत असत. १९८२ सालीं त्यांना बनारस हिंदु विश्वविद्यालयाच्या आवारांत एक मोडकें हरिकेन विमान दिसलें. १९४७ च्या सुमारास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठीं म्हणून तें तेथें आलें होतें. क्रमांक आर-४११८. या एका क्रमांकावरून कागद उलगडत गेले आणि निष्पन्न झालें तें असें : ग्लॉस्टर कंपनीनें बांधलेलें हें विमान ऑगस्ट १९४० मध्यें ६०५ क्रमांकाच्या तुकडीकडे गेलें, सप्टेंबर-ऑक्टोबरांत क्रॉयडनवरून त्यानें ४९ लढाऊ उड्डाणें केलीं, आणि त्याचें अक्षर होतें 'डब्ल्यू'. वर ज्याचा उल्लेख केला तें 'यूपी-डब्ल्यू' हेंच. पुढें तें शिकाऊ वैमानिकांकडे गेलें व युद्धाच्या उत्तरार्धांत जहाजानें इकडे आलें. बरीच वर्षें खटपट करून व्हॅचर यांनीं २००१ सालीं तें इंग्लंडला नेलें. २००४ च्या डिसेंबरांत तें पुन्हां उडालें. त्यांनीं ही सर्व हकीकत त्या विमानाच्याच नांवाच्या ग्रंथांत सांगितली आहे. तिच्यांतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग उड्डाणाचा किंवा दुरुस्तीचा नाहीं. बॉब फॉस्टर या वैमानिकानें १९४० सालीं हें विमान चालविलें होतें. साठांहून अधिक वर्षांनीं त्याला तें पुन्हां पाहावयास मिळालें. हें विमान कोणा एका वीराचें नव्हतें. तुकडींतल्या ज्याची पाळी येई तो तें घेऊन जाई. क्रमांकाची नोंद नीट ठेवली गेली म्हणून त्या सर्वांची नांवें एका वस्तूला जोडतां आलीं.

संहारयंत्रांवर एवढें प्रेम कशाला, असा आक्षेप येथें येईल, आणि तो अगदींच फेटाळण्याजोगा नाहीं. या वाङ्मयांत असे लेखक आहेत कीं ज्यांना रंगाची छटा समजते पण आंत बसलेला मनुष्य जळाला हें जणूं समजत नाहीं. परंतु त्यावर उपाय बारकाई कमी करणें हा नव्हे. चुकीच्या क्रमांकामुळें एकाचा मृत्यु दुसऱ्याच्या नांवावर जातो, एका आईच्या मुलाची शेवटची फेरी दुसऱ्याच्या खातीं पडते. ज्या घरांत 'बेपत्ता' एवढ्या एका शब्दावर पिढी काढली गेली तेथें हा फरक क्षुल्लक नसतो.

जुन्या विमानांना नवे रंग देण्याची जी चाल आहे तिच्याविषयीं मात्र माझें मत अजून पक्कें होत नाहीं. ब्रिटिश हवाईदलाच्या स्मारकसंचांत पी-७३५० हें स्पिटफायर आहे. २५ ऑक्टोबर १९४० रोजीं लुडविक मार्टेल हा पोलिश वैमानिक तें चालवीत असतां त्याला गोळ्या लागल्या व तें कसेंबसें खालीं उतरलें. १९४८ सालीं तें पंचवीस पौंडांना मोडींत विकलें गेलें. विकत घेणाऱ्यांना त्याचें महत्त्व कळलें म्हणून तें वांचलें, आणि १९६८ सालीं एका चित्रपटासाठीं पुन्हां उडालें. तेव्हांपासून दर कांहीं वर्षांनीं त्याला रंगवितात, आणि बहुधा दुसऱ्याच एखाद्या विमानाचीं अक्षरें देतात, म्हणजे जीं उरलीं नाहींत त्यांचीहि आठवण व्हावी. हेतु चांगला आहे. दुरून पाहणाऱ्याला तें दुसरेंच विमान वाटतें. जवळ गेल्यास पंखावर त्या ऑक्टोबरांतल्या गोळ्यांच्या भोंकांवर मारलेलीं ठिगळें अजून दिसतात.